पहिली टाळी कोणी वाजवायची

यल्वा टार्नस्ट्रमसारखा गळा एखाद्या देशाला हजार वर्षांत एकदाच लाभतो. हे वाक्य मी आमच्या जिल्ह्याच्या दैनिकात, तिच्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमावर लिहिलं होतं. संपादकानं ते कापलं. म्हणाला, "तिची आई आपला पेपर घेते. उगाच घरच्यांच्या डोक्यात हवा शिरेल." दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'कार्यक्रम वेळेवर सुरू झाला.'

आमच्या ग्रानबी गावात ही स्तुतीची वरची पट्टी समजतात.

यल्वानं पहिलं गाणं लाकडाच्या गिरणीत फळ्या उचलताना बांधलं. चाल अशी की पाय आपोआप नाचतात, आणि शब्द असे की नाचणाऱ्याला मधेच आपलं मोडलेलं लग्न आठवतं. पुढे टोकियोपासून ब्राझीलपर्यंत माणसं तिच्या गाण्यांवर रडता रडता नाचली. एकदा एका परदेशी मैदानात लाखभर लोक तिचं स्वीडिश कडवं, एका अक्षराचाही अर्थ न कळता, घडाघडा गात होते. मी टीव्हीसमोर होतो. कॉफी गार झाली तरी हात कपाकडे गेला नाही. गावात मात्र तिचा विषय निघाला की लोक म्हणत, "टार्नस्ट्रमांची धाकटी ना? हो, गाते ती."

साठी उलटल्यावर तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षं ती गायली नाही. मग एका ऑक्टोबरात माझ्या दारात उभी. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

"स्टुरे, रविवारी सभागृहात तुमची कॉफी असते ना? मी तिथं एक नवं गाणं म्हणणार आहे."

"म्हण की. लोक येतील. केक असतो."

"चेष्टा पुरे. डॉक्टर म्हणतात, आवाज आहे. पण बाहेर मी शिंकले तरी टाळ्या पडतात. खरं काय ते इथंच कळेल. आवाज गेला असेल तर सोमवारी जाहीर करून टाकते. संपलं."

रविवारी सभागृहाच्या फरशीला नुकतंच पॉलिश झालेलं, म्हणून सगळे मोज्यांवर. यल्वाही. करड्या लोकरी मोज्यांत, माईक न घेता, ती खिडकीपाशी उभी राहिली. पुढच्या रांगेत गुनेल बाकलुंड. गावच्या गायकवृंदाची ही प्रमुख. यल्वाला सूर हिनंच शिकवला, आणि बिशपला तोंडावर बेसूर म्हणणारीही हीच.

यल्वा गाऊ लागली. आवाज पूर्वीचा नव्हता. खाली उतरला होता, जुन्या दारासारखा करकरत होता. पण ते दार उघडलं, आणि आत आमचा सगळ्यांचा हिवाळा होता. येणाऱ्या कुणासाठी तरी आईनं बर्फ उपसून वाट केलेली, आणि आलं कोणीच नाही, एवढंच गाणं. म्हातारा फोल्के संगीत सुरू झालं की कानातलं यंत्र बंद करतो. त्यानं आज यंत्राचा आवाज वाढवला. शेवटचा सूर विरला तेव्हा मला श्वास घ्यायची आठवण झाली.

मग शांतता.

आमच्याकडे पहिली टाळी वाजवणारा म्हणजे स्वतःला जाणकार समजणारा. ती जोखीम कोण घेणार? सगळ्यांचे डोळे ओले आणि हात मांडीवर. जो तो शेजाऱ्याच्या मोज्यांकडे बघतोय. मी हात उचलले, तेवढ्यात बायकोनं बघितलं, म्हणून नाक पुसलं.

यल्वा तीस वर्षं बाहेर राहून हे विसरली होती. "बरं, कळलं मला," ती हळूच म्हणाली आणि कोट उचलायला वळली.

"थांब जरा," गुनेल उठली. रुमालात मोठ्यानं नाक शिंकरून तिच्यापाशी गेली. "गुरुवारी तालमीला येशील? मार्गिटचा खुबा बदललाय. दुसऱ्या रांगेत तिची जागा रिकामी आहे."

गुनेलनं परीक्षा न घेता कोणाला वृंदात घेतल्याचं ग्रानबीत कोणी ऐकलेलं नाही. फोल्केनं यंत्र काढून तपासलं.

यल्वानं कोट तसाच छातीशी धरला. "गुनेल, म्हणजे आवाज..."

"आहे ना. म्हणून तर म्हणते, थोडं हळू गाशील का? बाकीच्यांनाही आपापलं ऐकू आलं पाहिजे."