भिंतीवरचे बुडालेले शेअर

वहिनीच्या फ्रेमच्या दुकानात एक भिंत बुडालेल्या कंपन्यांची होती. कालव्याची कंपनी, रबराची कंपनी, विमानांची कंपनी. सोनेरी वेलबुट्टीचे ते जुने शेअरचे कागद हौशी लोक शोभेसाठी नेत. वहिनी ते काचेत बसवी आणि कंपनी बुडाल्याचं साल फ्रेमच्या मागे चिकटवी. एकेका खिळ्यावर दोन-दोन फ्रेमा लटकत, कारण दुकानाचा मालक नवा खिळा ठोकू देत नसे. महा चिक्कू माणूस!

तोच मालक आता दुकान विकायला निघाला होता. नवरा-बायकोने दुकान घ्यायला पै-पै साठवली होती. नेमका तेव्हाच धाकटा दीर उड्या मारत आला.

"वहिनी, सगळे पैसे बॅटरीच्या कंपनीत टाका. वर्षात दुप्पट!"

"सगळेच घेतायत गं," नवरा म्हणाला. त्याचं नेहमीचंच तळ्यात-मळ्यात.

वहिनीने तीन फ्रेमा उतरवून टेबलावर ठेवल्या. "भावोजी, शेअर घेतल्याची तारीख वाचा. आता मागचं साल बघा. कंपन्या वर्षानुवर्षं चालल्या, पण माझ्याकडे येतात ते बहुतेक कागद शेवटच्या वर्षातले. सगळे घ्यायला लागले, की समजायचं, बुडायची वेळ आली."

"तेव्हाची माणसं अडाणी होती. आता काळ बदललाय!"

"नावापुढचा धंदा वाचा. हा डॉक्टर. त्याच्याखालचा न्यायाधीश."

दीर हसत सुटला, आणि स्वतःचा बोनस त्याच कंपनीत घालून मोकळा झाला. वहिनीने दुकानाचा व्यवहार ठरेपर्यंत पैसे मुदत ठेवीत टाकले. पुढे शेअर चढतच गेला, तसं घरात तिचं हसं व्हायला लागलं. तिलाही धाकधूक होतीच. आपणच मूर्ख ठरलो तर? मग ती फडकं घेऊन काचा पुसत बसे.

आणि मग एकाच आठवड्यात शेअर कोसळला, बॅटरीवाल्यांच्या कचेरीला कुलूप लागलं.

महिन्याभरात दुकानाचं खरेदीखत झालं. वहिनीने आनंदाने ठसठशीत सही केली. संध्याकाळी दीर आला. बोनस बुडाला होता, पण चेहऱ्यावर हसू होतं. त्याने शेअरच्या पावतीचा कागद पुढे केला.

"फ्रेम करा वहिनी. मागचं साल मी चिकटवतो."

तिने झकास सोनेरी पट्टी निवडली, काच बसवली. नवऱ्याने हातोडी आणली आणि सवयीने जुना खिळा शोधू लागला.

"नवा ठोका," वहिनी म्हणाली. "अगदी मधोमध. भिंत आपली आहे!"