वनमालाबाईंची झडती

रायपूर राजधानी झालं आणि शहरात सफारी सूट वाढले. आधी ते मंत्र्यांच्या मागे दिसत, मग ठेकेदारांच्या. त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या प्रमुख पाहुण्यांच्या मागेही तीन उभे होते. पाहुणे म्हणजे एक लोखंडवाले शेठ. त्यांच्या जिवाला कोणापासून धोका होता, हे रक्षकांनाही माहीत नसावं. पण तीन माणसं पगारावर ठेवल्यावर धोका असावाच लागतो.

पाहुण्यांना ओवाळायचा मान बावीस वर्षं वनमालाबाईंचा. त्या ताट घेऊन पुढे झाल्या, तोच एका सफारीने त्यांचं मनगट धरलं.

"आग लेके कहाँ? पीछे!"

"अरे भैया, निरांजन है. पहले हाथ छोडो."

त्याने हात सोडला नाही. त्यांचा बटवा ओढून टेबलावर उपडा केला. सुपारी, किल्ल्या, गुडघ्याच्या गोळ्या आणि रुमालात गुंडाळलेली खालची कवळी. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग "पूछताछ होगी" म्हणत त्याने बाईंना सतरंज्यांच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

बाई आतून दार वाजवू लागल्या.

आमचे अध्यक्ष नरहरी माझ्याकडे वळले. मी जिल्हा कोर्टात तीस वर्षं पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे फाइली ठेवणारा बाबू होतो. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, कोणाला समन्स आलं की वकिलाआधी माझ्याकडे येतात.

"अच्युतभाऊ, हे चालते का कायद्यात?"

चालत नव्हतं. खाजगी रक्षक कायद्यापुढे माझ्यासारखाच एक नागरिक, फक्त छाती जास्त. त्याला कोणाची झडती घेता येत नाही. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा घडला तर माणूस पकडता येतो, पण लगेच पोलिसांच्या हवाली करावा लागतो. बाईची झडती पोलिसांनाही बाईकडूनच घ्यावी लागते. हे सगळं मी पंधरा ऑगस्टला त्याच मंचावरून सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

पण शेठ मंडळाच्या हॉलवर छत घालून देणार होते.

मी म्हणालो, "सुरक्षेचा मामला आहे. बाईंनी थोडं सहकार्य करावं."

दार पातळ होतं. आतलं वाजवणं थांबलं.

पाऊण तास शेठ बोलले. विषय स्त्रीशक्ती. शेवटी मीही टाळ्या वाजवल्या. ते गेल्यावर कडी निघाली. बाईंनी कवळी उचलली आणि कोणाकडेही न पाहता घरी गेल्या.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. दार नातीने, अबोलीने उघडलं.

"दादी, वो कानूनवाले अंकल आए हैं!"

"हव, दिसले मले. बसा अच्युतभाऊ."

"वनमालाबाई, त्याले तसा अधिकार नव्हता."

"हे तुम्हाले केव्हा समजलं?"

"कालच."

"कडी लावायच्या आधी का नंतर?"

तीस वर्षांत पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या. इतकी आखूड एकही नव्हती.

"आधी," मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ठाण्यात तक्रार द्यायची होती. मी हिंदीत लिहू लागलो. मनगट लिहिलं, बटवा लिहिला, आणि पुढे 'निजी सामान' असं लिहिलं.

"कवळी लिहा," बाई म्हणाल्या. "तुम्ही काहून लाजून राहिले? लाजायचं होतं ते मी लाजली."

"शेठ छत देणार नाहीत मग."

"नको देऊ दे."

ठाण्यात मुन्शीने तक्रार दोनदा वाचली. मग साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलं, वय, पत्ता, व्यवसाय.

"पेशकार थे? तब तो कानून जानते होंगे."

"जी."

"फिर उस वक्त बोले क्यों नहीं? किसी ने धमकाया था?"

धमकावलं असतं तर किती बरं झालं असतं. बाजूच्या बाकावर वनमालाबाई बसल्या होत्या. उत्तराची त्यांनाही मुन्शीइतकीच उत्सुकता दिसली.

"नहीं साहब," मी म्हणालो. "किसी ने नहीं धमकाया. बोलना था, नहीं बोला."

त्याने ते शब्द जसेच्या तसे उतरवले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला.