मांडवाशिवाय वाजलेला धवला

मी पेटी बोलतेय. गाण्याची पेटी. झाकण बंद आहे म्हणून मला तोंड नाही असं कुणी समजू नये. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकवत आले, आता जरा माझं ऐका. गोड बोलेनच असं मात्र नाही.

तुम्ही मला रेकॉर्ड प्लेअर म्हणा, काहीही म्हणा. सागवानी अंग, पितळी बिजागऱ्या, मधोमध फिरणारी थाळी आणि तिच्या शेजारी वेगाची कळ. जुन्या काळच्या लाखेच्या तबकड्या भरभर फिरवाव्या लागतात, मागाहून आलेल्या प्लास्टिकच्या सावकाश. मला दोन्ही येतं. सुईसुद्धा दोन तोंडांची, एक जुन्यासाठी, एक नव्यासाठी. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही. ज्याला काही येतं त्याने मान खाली घालून का बसावं?

माझं पहिलं घर ठाण्याला, नौपाड्यात, एका डॉक्टरांचं. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई मला मऊ फडक्याने पुसत आणि दवाखाना बंद झाला की नाट्यपदं लावत. मग घरात कॅसेटचा टेप आला. मला कुणी टाकलं नाही, फक्त माझ्या झाकणावर फुलदाणी आली. माणसांची ही रीत मी चांगली ओळखते. वस्तू नकोशी झाली की ती लगेच फेकत नाहीत, तिच्यावर दुसरं काहीतरी ठेवतात. प्रमोदिनीबाई वारल्या आणि फुलदाणीसकट सगळं उचललं गेलं. मी कल्याणच्या बाजारात गोविंदाशेठच्या दुकानात येऊन पडले, खालच्या फळीवर.

तिथे, अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर, सगुणा आली.

सगुणा खाडीकाठच्या मिठागरातली, आगऱ्याची लेक. आता विठ्ठलवाडीला चाळीत राहायची आणि कल्याणच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बरोबर तिचा नवरा नाथा, रेल्वेच्या शेडमधला फिटर, घाटावरचा माणूस. बायकांच्या भिशीचे पैसे सगुणाला लागले होते आणि त्यातून तिला गाण्याची पेटी घ्यायची होती. एकच तबकडी वाजवण्यासाठी.

ती तबकडी तिच्या आईची होती. मनुबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण मांडवात बसते, देवांना बोलावते, नवरीचं नाव घेऊन धवला गाते, तेव्हा कुठे लग्न लागतं. पंचक्रोशीतल्या पोरींची लग्नं मनुबाईने लावली, आपल्या एकुलत्या एका लेकीचं मात्र नाही. सगुणाने घाटावरच्या नाथाशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा मनुबाई म्हणाली होती, "सही करून लागतं त्या लग्नाला धवला कशाला?" मग कितीतरी वर्षं मायलेकींत बोलणं नव्हतं. शेवटी मनुबाईच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि सगुणाच तिला आपल्या खोलीत घेऊन आली.

मनुबाईच्या ट्रंकेत, लुगड्यात बांधलेली, ती तबकडी होती. सगुणा लहान असताना मुंबईच्या कुणा कंपनीने मनुबाईचा आवाज भरून घेतला होता. ती तबकडी कधी वाजलीच नाही. मांडव असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, हा मनुबाईचा नेम. आता सगुणाच्या मनाने एकच घेतलं होतं. आईने तिच्यासाठी गायलं नाही ते नाही, पण तो आवाज एकदा आईच्या उशाशी बसून ऐकायचा. आईलाही ऐकवायचा. त्याने तिची जीभ हलली तर हलली.

गोविंदाशेठने विचारलं, तबकडी कुठली आहे.

"आयची," सगुणा म्हणाली.

"तसं नव्हे बाई. जुनी की नवी? आणली आहे का?"

"बाजारात आणाची चीज नाय ती."

शेठने पुढे विचारलं नाही. दुसरं गिऱ्हाईक ताटकळलं होतं. त्याने दोन पेट्या दाखवल्या, एक मी आणि एक वरच्या फळीवरची नवी, काळी, पारदर्शक झाकणाची. पैसे एकीपुरतेच होते. माझी किंमत कमी होती, वर काही उरलंही असतं. सगुणाने माझ्या लाकडावरून हात फिरवला. मासळीचा वास असलेला, खरखरीत, शहाणा हात. म्हणाली, ही मना बरी वाटते.

नाथा मान हलवेना. जुनी बिघडली तर भिशी काय पुन्हा लागणार आहे, नवीला वर्षाची गॅरंटी आहे, असं तो म्हणत राहिला. मग हळूच खरं कारण बाहेर आलं.

"तुझ्या आईसमोर मी जुनं घेऊन जाऊ? आधीच मी घाटी. म्हणेल, जावयाने भंगार आणलं."

"ती आता काय बोलनार?"

"डोळ्यांनी बोलते ना."

यावर सगुणा हसली. बिचारी हसली, आणि तिथेच नवी घ्यायचं ठरलं. सासूने कधी जावई म्हटलं नाही त्या माणसाला सासूसमोर चांगलं दिसायचं होतं. मी त्याला दोष देत नाही. पण खालच्या फळीवरून ओरडता आलं असतं तर ओरडले असते. त्या नव्या काळीला जुन्या तबकडीचा वेग येत नव्हता. तिला कुणी शिकवलाच नव्हता.

पुढचं मला घरी गेल्यावर कळलं. सगुणा शेजारच्या हौसाबाईला सांगायची, तेव्हा मी तिथेच असायचे.

त्यांनी मनुबाईला उशांना टेकवून बसवलं. लुगडं सोडलं. तबकडी बघताच म्हातारी डाव्या हाताने सगुणाचं मनगट धरून बसली, सोडीना. डोळे लुकलुकत होते. नवी पेटी सुरू झाली आणि आतून घोगरा, ओढत ओढत चाललेला, बाप्याचा वाटावा असा आवाज आला. शब्द कळेनात. विहिरीत पडलेला कुणी कण्हत असावा तसं. मनुबाईचा हात गळून पडला. तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

आता तुम्ही म्हणाल, पेटी तपासायची. तुम्ही म्हणाल. सगुणा धवलारणीची लेक. तिने ओळखलं, मांडव नव्हता. आईचा नेम मोडला म्हणून देवांनी आवाज बांधला. दुसऱ्या दिवशी तिने त्या दहा बाय दहाच्या खोलीत मांडव घातला. चार बांबू, वर आंब्याचे डहाळे, मधे उंबराची फांदी, हळदीची वाटी, दिवा. हौसाबाईने सुपात तांदूळ आणले. नाथा आंघोळ करून हात जोडून उभा. एवढी माया त्या पत्र्याखाली मावत नव्हती, आणि पेटी पुन्हा तशीच कण्हली.

मनुबाईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. अन्नही नावापुरतं घेई. दिवाळीच्या आत ती गेली.

कार्य उरकल्यावर सगुणा नाथाला म्हणाली, दोन्ही घेऊन जा, पेटीपण आणि तबकडीपण, माझ्या डोळ्यांसमोर नको. नाथा दुकानात आला. मी खालच्या फळीवर होतेच, मला कोण नेतंय? गोविंदाशेठने तबकडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अहो, ही लाखेची. जुन्या वेगाची. ही त्या पेटीवर नीट वाजलीच नसती." मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्यावर वाजते."

नाथा स्टुलावर बसला. मग त्याने अदलाबदल केली, मला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा न करता विठ्ठलवाडीपर्यंत चालत आला. वाटेत एकदाच थांबला, तोंड पुसायला.

मला पाहून सगुणा भडकली. "मांडव नाय, आय नाय. कोनासाठी लावता?" शेठने दाखवल्याप्रमाणे नाथाने सुई उलटली, कळ फिरवली, तबकडी ठेवली.

मी तिला घेतलं. आयुष्यात इतक्या जपून मी काही वाजवलं नाही.

मनुबाईचा आवाज आला. तरणाताठा, टणक, जरासा नाकातला. देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, आगरातल्या मिठाला बोलावलं. आणि मग नवरीचं नाव घेतलं.

मांडवी बैसली सगुणा नवरी, मनूची लेक.

सगुणाला पहिल्यांदा कळलंच नाही. नाथाला कळलं. दुसऱ्या कडव्यात तेच नाव, तिसऱ्यात तेच. सगुणा जमिनीवर बसली आणि तिला हळूहळू आठवत गेलं. लहानपणी आईबरोबर मुंबईला ती गेली होती. एका बंद खोलीत आईने नव्या लुगड्याचा पदर दोघींच्या डोक्यावरून घेतला, तिच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं आणि सांगितलं, हलू नको. तिला तो खेळ वाटला होता. मनुबाईला मांडवाशिवाय आणि नवरीशिवाय गाता येत नव्हतं, म्हणून तिने पदराचा मांडव केला आणि पोटच्या पोरीला नवरी केलं.

तबकडीवर काय आहे ते अख्ख्या जगात एकटी मनुबाई जाणत होती. मनगट धरून ती त्या नावाची वाट बघत होती. ते नाव आलं नाही.

धवला संपला तरी सगुणाने सुई उचलू दिली नाही. मी नुसतीच फिरत राहिले. मग ती रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली, "आये, माजं लगीन तू कवाच लावलं होतंस गो."

त्यानंतर मला कुणी लावलं नाही. इतक्या वर्षांत नाथाचे केस पिकले. तो अधूनमधून विचारतो, लावू का? ती म्हणते, लागलेलं लगीन परत लावतात काय? तबकडी लुगड्यात आहे, मी कपाटावर आहे. आता चाळ पाडून इमारत व्हायची आहे, तिथे मला जागा असेल की नाही, ठाऊक नाही. माझ्यासाठी मी काही मागत नाही.

पण तुम्हाला सांगते, सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून. घरात एखादी म्हातारी तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळली, तर रुसली असेल म्हणून मोकळे होऊ नका. तिच्याजवळ जाऊन बसा. ती कशाची वाट बघते आहे ते शोधा. शोधायला उशीर झाला की पेट्या कितीही चांगल्या असोत, त्या फक्त मागे राहिलेल्यांना ऐकवतात.