धर दुसरं टोक

मी चर्चच्या मोठ्या दाराचा अडसर बोलतोय. पुरुषभर लांब, मनगटाहून जाड, अस्सल सागवानी. आधी मी एका गोदामाच्या छपरात होतो. कुणीतरी ते पेटवलं, बाकी सगळ्याची राख झाली आणि मी तेवढा उरलो. सुताराने माझी जळकी कातडी तासली आणि मला या दाराच्या लोखंडी कड्यांत बसवलं. तेव्हापासून माझी ऐट काही विचारू नका.

स्वर्गारोहणाच्या दिवशी तर मला खास मान होता. प्रभू ढगांत वर गेला तो हा दिवस. आमच्या पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, वडिलांनी एक रिवाज पाडला होता. त्या उपासनेत सगळ्यांनी छताकडे बघत उभं राहायचं आणि बाहेरचा गोंगाट नको म्हणून दार आतून लावून घ्यायचं. छतावर ढग रंगवलेले. मंडळी मान दुखेपर्यंत ते बघायची. जाताना प्रभूने जगभर जायला सांगितलं होतं, पण पायांचा विषय कुणी काढतच नसे.

त्या वर्षी कुठल्याशा अफवेने शहर पेटलं होतं. टोळकी पाइप घेऊन फिरत होती, दुकानदारांना खेचून काढून बडवत होती. आत माना वर, आणि ऐन उपासनेत दारावर थापा पडू लागल्या.

"उघडा हो! मारून टाकतायत मला!"

समोरचा बेकरीवाला होता. तो आमच्या मंडळीतला नव्हता, पण पाळकांच्या घरी रोज सकाळी त्याचाच पाव यायचा. थोड्या वेळाने थापा थांबल्या आणि त्याचं डोकंच दारावर आपटायला लागलं. प्रत्येक दणका माझ्या अंगात घुसत होता. फटीतून त्याचं रक्त माझ्यावर ओघळलं. आणि मी घट्ट बसून होतो, कारण घट्ट बसणं एवढंच मला शिकवलं होतं.

पाळकांची मोठी बहीण मागच्या बाकावर बसायची. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. ती लंगडत आली आणि तिने मला हात घातला.

"ताई, थांब!" पाळक धावत आले. "ते आत घुसतील. इथं बायकामुलं आहेत."

"आणि बाहेर काय दगड आहे? जाताना प्रभू जा म्हणाला, की आतून दार लावून छत बघत बसा म्हणाला?"

"मला भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय. धर दुसरं टोक."

त्यांनी धरलं. मला कड्यांतून काढून ताईच्या हाती सोडलं आणि दार उघडलं, तसा बेकरीवाला उंबऱ्यावर कोसळला. त्याच्या एका डोळ्याच्या जागी नुसता चिखल दिसत होता. मागून टोळक्यातल्या एकाने पाइप उगारलेला. ताईच्या हातात मीही उगारलेला होतो. खरं सांगतो, त्या माणसाची कवटी फोडायला मी आसुसलो होतो. पण तिने मला बेकरीवाल्याच्या डोक्यावर आडवं धरलं. पाइप माझ्यावर बसला, माझी ढलपी उडाली, तिचं मनगट काडकन मोडलं. दुसरा घाव पाळकांनी खांद्यावर घेतला. मग मंडळी बाहेर पडली. कुणाचे दात पडले, कुणाची बरगडी मोडली, पण बेकरीवाल्याभोवतीचं कडं काही सुटलं नाही. मारून मारून टोळकं दमलं आणि शिव्या देत पांगलं.

चर्चच्या झेंड्याची काठी आणि मी, मध्ये वेदीवरची चादर. त्या झोळीतून बेकरीवाल्याला जळत्या रस्त्यांवरून दवाखान्यात नेलं. डोळा गेला, जीव राहिला.

माझ्यावरचा डाग धुऊन निघाला नाही. चर्चचे कारभारी मधूनमधून म्हणतात, अडसर परत बसवू या. बाबांनो, हात जोडायला मला हात नाहीत, पण एवढं ऐका, मला त्या कड्यांत पुन्हा घालू नका. त्या दिवसापासून झोळीसकट दाराशी उभा आहे तोच बरा आहे.

आज पुन्हा स्वर्गारोहण. दार सताड उघडं. पाळकांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, ताईचं मनगट वाकडंच जुळलंय. जुन्या सवयीने सगळ्या माना छताकडे गेल्या. तेवढ्यात रस्त्यावर काच फुटली आणि एक बाई जिवाच्या आकांताने ओरडली.

पाळकांनी वाक्य अर्धवट सोडलं, धावत येऊन मला उचललं आणि मागे वळून म्हणाले, "ताई, धर दुसरं टोक."