मी डॉक्टरांचा दंड धरला

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा मुळीच विश्वास बसणार नाही. खुद्द डॉक्टरांचा दंड आवळून मी त्यांच्याकडून सही करून घेतली आहे! कोपऱ्यातला वजनकाटा आत्तापासूनच हसतो आहे. हसू द्या त्याला.

मी रक्तदाब मोजणारा एक जुना पट्टा आहे. नळी, रबरी फुगा आणि तबकडी, एवढाच माझा संसार. यॉर्कशरमधल्या या दगडी गावाच्या दवाखान्यात आलो तेव्हा माझं निळं कापड कोरं करकरीत होतं. एकदा एका मेंढपाळाच्या हट्टापायी मी त्याच्या एडक्याचाही दाब मोजला. "याचा तुझ्यापेक्षा बरा आहे," डॉक्टर त्याला म्हणाले होते. पुढे विजेवरची यंत्रं आली आणि मी खुंटीवर गेलो. पण डॉक्टर प्रॉक्टर मला विसरले नाहीत.

लिनेट ॲक्रॉइड शाळेसमोर गोल पाटी धरून गाड्या थांबवते आणि मुलांना रस्ता ओलांडायला मदत करते. तिचं चित्त मात्र लहानपणापासून थाऱ्यावर नसे. एकदा छपरावर भांडणाऱ्या कावळ्यांकडे ती बघत राहिली आणि एक मुलगा एकटाच रस्त्यात उतरला. गाडीने करकचून ब्रेक लावला म्हणून निभावलं. सरकारी तपासणीची रांग वर्षानुवर्षांची, म्हणून भावाने आपलं फिरतं घर विकून तिला लीड्सच्या खाजगी तज्ज्ञ बाईंकडे नेलं. एडीएचडी निघाला, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. गोळी लागू पडली. "आता कावळे खुशाल भांडू देत," लिनेट म्हणाली, "मला गाड्या दिसतात."

पुढची रीत अशी, की गोळीचं प्रमाण तज्ज्ञाने बसवून द्यायचं. मग घरच्या, म्हणजे आमच्या, डॉक्टरांनी ती दरमहा लिहून द्यायची, दाब नि वजन बघायचं, आणि वर्षातून एकदा पुन्हा तज्ज्ञाने तपासायचं. पण त्याला घरच्या डॉक्टरांनी हो म्हणावं लागतं. दरमहा खाजगीतून गोळी घेणं लिनेटला झेपणारं नव्हतं.

मी तिचा दाब मोजला. उत्तम होता.

"मापं छान आहेत, लिनेट," डॉक्टर म्हणाले. "पण दुसऱ्याने सुरू केलेलं औषध मी कसं चालवू? उद्या काही झालं तर माझ्या माथी."

"त्या म्हणतात, आता तुम्ही बघा. तुम्ही म्हणता, त्यांनी बघावं. मी काय टपालपेटी आहे, डॉक्टर?" आणि लगेच ओशाळून, "सॉरी हं."

बाहेर नोंदणीच्या खिडकीवरची म्यूरिएल म्हणाली, "पुन्हा भेटीची वेळ हवी तर सकाळी आठला फोन कर, पोरी. लागेपर्यंत धरून ठेव."

"अगं म्यूरिएल, फोन धरून बसणं जमलं असतं, तर गोळी कशाला लागली असती?"

दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तिची गत झाली. शेवटची गोळी शुक्रवारची होती. "गोळी नसली तर मी पाटी हातात घेणार नाही," जाता जाता ती म्हणाली. "पोरांच्या जिवाशी खेळ नको."

ती गेली. तज्ज्ञ बाईंनी संमतीच्या सहीसाठी पाठवलेला कागद डॉक्टरांनी पुढ्यात ओढला. मग स्वतःचाच दाब बघावा म्हणून त्यांनी मला दंडाला गुंडाळलं. बस्स! मी आवळलं ते सोडलंच नाही.

"अरे, सोड!"

"आधी सही!"

उजवा हात काळानिळा पडला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी सही केली. लिनेट आजही शाळेसमोर ताठ उभी असते. तेव्हा मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंची निगा राखा. आणि दोन दारांच्या मध्ये कोणी ताटकळत असेल, तर एक दार तरी उघ...

"खोटं!" वजनकाटा ओरडला. आता तो हसत नव्हता. "पट्ट्या, तुझी नळी केव्हाच फाटली आहे. तू माशीसुद्धा धरू शकत नाहीस. तिचा दाबही नव्या यंत्रावर घेतला. सही झालेलीच नाही, कागद टेबलावर तसाच पडलाय. आणि लिनेट शाळेसमोर? दाराच्या फटीतून बघ. बाहेर बाकावर बसलीय ती. आज सकाळीच पाटी शाळेत परत देऊन आलीय."