कान आल्यावर

नोकरीभर मी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभा होतो. डबा खाऊन झाला की पुस्तक उघडायचो, म्हणून कंपनीत मला मास्तर म्हणत. निवृत्त झाल्यावर व्हायोलिन शिकायचं ठरवलं, तेही आधी त्यावरची पुस्तकं वाचून.

पिंपरी कॅम्पात इकबालभाईंचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. तिथे ते शिकवायचे. "काका, हात सरळ चालतो तुमचा," म्हणायचे. मला माझा सूर गोडच वाटे. घरी रियाज सुरू झाला की जयमाला, माझी बायको, खाली बाकावर जाऊन बसायची. मला एकांत मिळावा म्हणून जाते, असं मी धरून चाललो होतो.

कोजागिरीला सोसायटीत कार्यक्रम असतो. मी कधी मीटिंगमध्येही बोललेलो नाही, पण यंदा धीर करून नाव दिलं. जयमाला म्हणाली, "आता तरी कानाचं मशीन घ्या. नाव पुकारलेलं तरी ऐकू येईल."

मशीन लावून तारांवर गज फिरवला आणि पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं झालं. मशीनच खराब असणार, म्हणून इकबालभाईंकडे गेलो. त्यांनी माझंच व्हायोलिन उचलून वाजवलं. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे मी पहिल्यापासून बेसूरच वाजवतो?"

ते गजाला राळ चोळत राहिले. "हात सरळ आहे काका," म्हणाले.

घरी येऊन मी जयमालाला म्हणालो, "तुला ठाऊक होतं."

"अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकू आलं असतं?" मग म्हणाली, "आयुष्यभर पुस्तकात तोंड. म्हटलं, काहीतरी करताय."

"नाव काढून घेतो."

"आता कसं काढणार? विलासभाऊंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय."

कोजागिरीला व्हायोलिन मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसलो. सेक्रेटरी विलासने माझं नाव पुकारलं. स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "कापूस आणलाय का, राव?" तेही स्पष्ट ऐकू आलं.

जयमाला कानाशी वाकली. "मशीन काढा आणि वाजवा. दोन मिनिटं सहन करतात लोक."

ती टोमणा मारत नव्हती. तेच जास्त लागलं.

विलासने पुन्हा नाव घेतलं. मी मशीन काढून खिशात ठेवलं आणि बसून राहिलो. माइकवरचं पुढचं नुसतं घुमत आलं. विलासने हातातला कागद पाहिला. दुसरं कोणीतरी उठून गेलं.

जयमाला काहीतरी म्हणाली. काय, ते मी विचारलं नाही.