छत्तीसने चुकवलेला काटा

मी बोलतोय, उत्तनच्या मेल्रॉयच्या भिंतीवरचा वायुदाबमापक. हवेचा दाब सांगणं हे माझं काम. आता सगळे मला येडा म्हणतात. म्हणू देत! पण मला येडं कुणी केलं, ते आधी ऐका.

२००६च्या जानेवारीत मी अंटार्क्टिकावर होतो. मूळचा मच्छीमार मेल्रॉय तिथे बर्फावरची गाडी चालवायचा. शेजारी नया नगरचा चंदन, मोजणीचं काम करणारा. मागे मोहिमेचे प्रमुख, जितेंद्रसाहेब. किनारा सोडून आम्ही आतल्या पठारावर चढत होतो.

तीन हजार मीटरवर चंदनला बसल्या जागी धाप लागली. ओठ निळे पडले. साहेबांनी तक्ता उघडला. या उंचीला दाब सातशे एक मिलिबार हवा. माझा काटा सहाशे पासष्टवर.

"बिघडलाय हा. तीन हजार म्हणजे काय रे? लेहला याहून उंचावर मी क्रिकेट खेळलोय. चंदन, नाटकं बंद!"

तक्ता सरासरी हवामानाचा होता. ध्रुवाकडची हवा गारठून जड होते, खाली दबून बसते. त्यामुळे वर चढावं तसा दाब भराभर उतरतो. तीन हजारावर चंदनच्या छातीला मिळत होती ती चौतीसशे मीटरवरची विरळ हवा. मी तेच तर सांगत होतो!

साहेबांनी मला उलटं केलं आणि पाठीतला स्क्रू पिळला. काटा सातशे एकवर.

"झाला बरोबर. चल पुढे."

"साहेब, काटा खाली आला म्हंजे वादळ; आमी होडी वळवतो," मेल्रॉय म्हणाला. "काट्याला हात न्हाय लावत."

"ही होडी नाहीये. चल म्हणतो ना!"

तेवढ्यात चंदन खोकला. रुमालावर गुलाबी फेस. मेल्रॉयने तो पाहिला आणि गाडी वळवली. पाच तास साहेब मागून शिव्या घालत होते, पाच तास चंदनच्या छातीत घरघर चालू होती. हजारेक मीटर खाली उतरल्यावर त्याने पाणी मागितलं.

अहवालात काय आलं? 'चालकाने हुकूम मोडला. उपकरण सदोष.' मेल्रॉयची नोकरी गेली. भंगारात काढलेला मी त्याच्यासोबत घरी आलो.

चंदन गप्प बसला नाही. वर्षभर अर्ज केले, तेव्हा कुठे चौकशी लागली. ती परवा आहे. आज तो मला न्यायला आला, तर मेल्रॉयची बायको कार्मिन हसली.

"रेडिओवर एक हजार आठ सांगतात, हा एक हजार चव्वेचाळीस दाखवतोय. या येड्याला साक्षीला नेणार?"

मेल्रॉय ओशाळला. मला उतरवून त्याने पाठीला स्क्रूड्रायव्हर लावला.

"रुक, रुक!" चंदनने त्याचा हात धरला. "साहेबांनी किती फिरवलं, ते याच्या पाठीतच आहे. छत्तीस. तिथेही छत्तीस, इथेही छत्तीस! म्हणजे स्क्रू पिळण्याआधी हा बरोबरच होता!"

मेल्रॉयने हात मागे घेतला.

चौकशीवाल्यांनो, परवा मी तुमच्या टेबलावर असेन. मला दुरुस्त करू नका. फक्त वजाबाकी करा.